युद्धाचा हिशेब मागणारे बाबासाहेब

भारत आणि पाकिस्तान यांच्यात तणाव वाढला की दूरचित्रवाणीवर बाबासाहेबांचे नाव हमखास घेतले जाते. जातिअंताच्या प्रश्नावर ज्यांना बाबासाहेब आठवत नाहीत, आरक्षणाच्या नावाने जे नाक मुरडतात, तेच लोक त्यांच्या पाकिस्तानविषयक ग्रंथातला सोयीचा तुकडा काढून युद्धाचा नगारा वाजवतात. हे अर्धे बाबासाहेब आम्हाला मान्य नाहीत. राष्ट्राराष्ट्रांतला संघर्ष आणि सहकार्य यांचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. तो विचार पूर्ण समजून घेणे हे चळवळीचे काम आहे.

उरण, द्रोणागिरी परिसरातल्या आमच्या बांधवांना हा विषय दिल्लीचा वाटू नये. सिडकोने वसवलेल्या द्रोणागिरीच्या एका बाजूला करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा आहे, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवाचे बंदर. पहलगामच्या हल्ल्यानंतर केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये पाकिस्तानी मालाच्या आयातीवर पूर्ण बंदी घातली. पुढच्याच महिन्यात दुबईमार्गे आलेला पाकिस्तानी माल याच बंदरात कंटेनरसह जप्त झाला. देशांचे संबंध बिघडले की त्याचा पहिला धक्का बंदरावर पोट असलेल्या माणसाला बसतो. कागदोपत्री हे जवाहरलाल नेहरू बंदर आहे, आणि त्याच नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाला संसदेत सर्वात कठोर जाब विचारणाऱ्यांत बाबासाहेब होते.

विद्यापीठांतून आंतरराष्ट्रीय संबंधांचे दोन प्रमुख सिद्धांत शिकवले जातात. वास्तववादी म्हणतात, राष्ट्रांच्या डोक्यावर कोणी पंच नाही, म्हणून प्रत्येकाने आपले बळ सांभाळावे. उदारमतवादी म्हणतात, व्यापार, करार आणि सामाईक संस्था वाढल्या की युद्धे टळतात. बाबासाहेबांना यांपैकी एकाच रकान्यात बसवता येत नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सैन्यात सुभेदार. ज्या सैन्याने महारांच्या हाती बंदूक दिली, त्याच सैन्याने पुढे त्यांची भरती बंद केली. राज्यकर्त्याची गरज संपली की पराक्रमाची किंमत संपते, हा धडा त्या घराने भोगला होता. कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले तेव्हा पहिले महायुद्ध पेटलेले होते. १९१७ साली मायदेशी परतताना त्यांचे सामान आणि ग्रंथ वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट पाणतीराने बुडाली. एका गरीब विद्यार्थ्याने पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके अशी दूरच्या युद्धाने गिळली.

१९१८ साली बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथावर त्यांनी परीक्षण लिहिले. शक्ती आणि हिंसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शक्तीचा विधायक वापर होऊ शकतो, असा त्यातला विचार. शांततेच्या नावाखाली अन्याय मुकाट सोसणे त्यांना मान्य नव्हते. पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर हेच दिसले. हातात शस्त्र नव्हते, पण हजारोंच्या पावलांत शक्ती होती.

१९४० साली त्यांचा पाकिस्तानवरील ग्रंथ आला. त्यात भावनेला थारा नाही. सरहद्द कुठे राहील, महसूल किती उरेल, सैन्यात कोणत्या प्रांतांचे किती लोक आहेत, याचा हिशेब आहे. सुरक्षित सीमेपेक्षा भरवशाचे सैन्य महत्त्वाचे, हा त्यांचा निष्कर्ष. तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरिया यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीचे दाखले आहेत. मागे राहणाऱ्या अल्पसंख्याकांचे काय, हा प्रश्न ते सोडत नाहीत. हा झाला त्यांचा वास्तववाद.

पण त्याच काळात, १९४२ ते १९४६ या वर्षांत, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. नदी बिहारातून बंगालात जाते, पूर एकाकडे, धरणाची जागा दुसऱ्याकडे. प्रांताप्रांतांचे भांडण मिटवायचे तर सर्वांची मिळून एक अधिकारसंस्था हवी, हा तोडगा. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ कायद्याने स्थापन झाले. संघर्षाच्या जागी सहकार्य कसे उभे करायचे, याचा हा धडा आहे. युद्धाचा नगारा वाजवणारे या बाबासाहेबांचे नाव का घेत नाहीत?

फाळणीची झळ त्यांना स्वतःला बसली. १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने ते बंगालमधून संविधान सभेवर गेले. बंगालची फाळणी झाली आणि ती जागा गेली. जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झालेले मंडल १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले. पूर्व बंगालमधल्या दलितांचे हाल थांबले नाहीत.

म्हणूनच १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरण हेही कारण त्यांनी दिले. सुमारे ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात आणि मित्र कोणी उरला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. काश्मीरच्या वादात पूर्व बंगालमधल्या माणसांचा विसर पडतो, हे दुःख होते. काश्मीरबाबत त्यांनी विभागणीचा किंवा फक्त खोऱ्यात सार्वमताचा मार्ग सुचवला. तो आज कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण उपाशी जनतेच्या डोक्यावर न संपणाऱ्या संघर्षाचा बोजा किती काळ ठेवायचा, हा त्यामागचा प्रश्न जिवंत आहे.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशील कराराची चिकित्सा केली. बुद्धाचे पंचशील आचरणासाठी आहे. तिबेट गिळणाऱ्याने कागदावर लिहिलेले पंचशील त्यांना खोटे वाटले. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची सीमा आपल्या दारात आणली, हा इशारा १९६२ साली खरा ठरला. गोव्यासाठी वऱ्हाडसारखा भाडेपट्टा, खरेदी किंवा छोटी पोलीस कारवाई, असे पर्याय त्यांनी मांडले. गोवा मुक्त व्हायला डिसेंबर १९६१ उजाडला. त्यांचा प्रत्येक अंदाज बरोबर होता असे आम्ही म्हणत नाही. पाश्चात्त्य राष्ट्रांवरील त्यांच्या भरवशाची चिकित्सा व्हायलाच हवी. भक्ती त्यांनाच नको होती.

शेवटच्या वर्षांत ते शेजारी देशांकडे वेगळ्या वाटेने गेले. १९५० साली श्रीलंका, १९५४ साली रंगून, आणि धम्मदीक्षेनंतर महिनाभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू. जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली. बळाने लादलेली समता बळ सरले की टिकत नाही, मन बदलले तरच टिकते, हा त्याचा गाभा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. पुढे त्याच काठमांडूत सार्कचे सचिवालय आले. पण २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही.

बळाचा हिशेब ठेवा, सामाईक संस्था उभारा, आणि दोन्हींच्या मुळाशी मैत्री व न्याय असू द्या. तिन्ही एकत्र धरले तरच बाबासाहेब पुरे होतात. ज्या देशात गावकुसाच्या आतबाहेर मैत्री नाही, त्याने सीमेपलीकडे मैत्रीचे करार कोणत्या तोंडाने करावेत? शासनाने छापलेल्या त्यांच्या भाषणांच्या खंडांत राजीनाम्याचे निवेदन आणि १९५४ चे भाषण उपलब्ध आहे. द्रोणागिरी, उरणपासून प्रत्येक विहारात त्याचे सामूहिक वाचन व्हावे. म्हणजे पुढच्या वेळी कोणी अर्धे बाबासाहेब दाखवू लागला, तर उरलेले अर्धे आमच्या तोंडी तयार असतील.