लंकेत घेतलेली गॅप

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली की एक विचार डोक्यात येतोच. तुमच्याही येत असेल. वर्षभर सगळं सोडून द्यावं. कुठंतरी बेटाबिटावर जाऊन राहावं, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही आणि पुढं काय करणार असं कुणी विचारत नाही. आता मिरजगावात बसून बेटाचं स्वप्न बघायचं म्हणजे कमालच. आपल्याकडं सीना धरण भरलं तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती, चारी बाजूंनी पाणी कुठलं! पण विचार येतो. आणि त्याच्या मागोमाग दुसरा येतो, की घरी काय सांगायचं? पुढच्या ॲडमिशनला स्टँप पेपरवर गॅप सर्टिफिकेट करत कोण फिरणार?

बेटाची एक गोष्ट तुम्ही मोबाइलवर कधीतरी पाहिली असेल. जून १९२५. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात शिकवणारा तेवीस वर्षांचा वेर्नर हायझेनबर्ग परागकणांच्या ॲलर्जीनं इतका बेजार झाला, की रजा टाकून हेल्गोलँड नावाच्या बेटावर गेला. तिथं झाडझाडोरा नाही, त्यामुळं परागकणही नाहीत. थोडेच दिवस राहिला आणि परत येताना क्वांटम मेकॅनिक्सची सुरुवात घेऊन आला. भारीच आहे. पण त्याच्या तेवीस वर्षं आधी मराठी बोलणारा एक मुलगा शिक्षण अर्धवट टाकून बेटावर गेला होता. त्याच्यावर रील केलेली मी तरी अजून पाहिली नाही.

त्याचं नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. इतिहासवाल्यांना दा. ध. कोसंबी माहीत असतात, गणितज्ञ आणि इतिहासकार. हे त्यांचे वडील. गोष्ट सुरू होते तेव्हा ते विशीत होते, म्हणून आपण त्यांना जरा वेळ ‘तो’च म्हणू.

जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातलं साखवाळ गाव. राज्य पोर्तुगीजांचं. मराठी शाळेत थोडंफार शिक्षण झालं आणि ते थांबलं. घरच्या नारळाच्या बागायतीचं काम अंगावर आलं. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न झालं, बायको बाळाबाई. ज्या वयात तुम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर असता, त्या वयात हा पोरगा माडांची राखण करत होता आणि आतून खचत चालला होता. आपल्याला काही येत नाही, आपलं काही होणार नाही, ही टोचणी. पुढं ‘निवेदन’ नावाचं आत्मकथन लिहिलं, त्यात त्यांनी हे झाकून ठेवलेलं नाही. मोठ्या माणसांच्या चरित्रात हा भाग सहसा दोन ओळींत उरकतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मग ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यानं बुद्धाचं चरित्र वाचलं. बस्स, तेवढंच. आजूबाजूला एक बौद्ध माणूस नाही, पुस्तकं नाहीत, कुणी सांगणारं नाही. पण त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की हे मुळातून शिकायचं. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो घर सोडून निघाला. पहिली मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती.

इथं जरा थांबूया. हा माणूस मला फार आवडतो, पण या जागी दरवेळी अडखळायला होतं. त्याला ज्ञानाची ओढ होती, हे खरं. पण त्याच्या ब्रेकचा खर्च कुणी भरला? बाळाबाईंनी. तान्हं लेकरू, नवरा परागंदा, कधी येणार माहीत नाही, येणार का तेही माहीत नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं. बुद्धही असाच घर सोडून गेला म्हणून हे आपोआप थोर ठरत नाही. तुम्ही ब्रेकचा विचार करत असाल, तर आपल्याही घरी फीचे हप्ते कोण भरतंय आणि कांद्याला भाव नसताना ते कसे भरले जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुण्यात तो डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटला. पाली शिकायची तर आधी संस्कृत पक्कं हवं. मग ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडं व्याकरण घोकायचं. आजच्या अर्थानं ही युनिव्हर्सिटी नव्हे, बनारस हिंदू विद्यापीठ निघायला अजून सोळा वर्षं होती. पण संस्कृत शिकणाऱ्यासाठी याहून मोठी जागा देशात नव्हती. आणखी काही वर्षं काढली असती तर शास्त्री म्हणून मान मिळाला असता, पोटापाण्याचीही सोय झाली असती. त्यानं ते अर्ध्यावर सोडलं.

का सोडलं? कारण त्याला व्याकरण हवं होतं ते बुद्धापर्यंत पोचायला, शास्त्री व्हायला नव्हे. १९०२ च्या सुरुवातीला तो नेपाळात गेला. तिथं जिवंत बौद्ध धर्म सापडेल असं वाटलं होतं, पदरी निराशा आली. मग बुद्धगया. तिथं त्याला कळलं, की पाली ग्रंथ शिकायचे तर सिलोनला जावं लागेल. सिलोन म्हणजे आजचं श्रीलंका. ही गोष्ट जरा विचित्र वाटेल तुम्हाला. बुद्ध हिंडला तो बिहार-उत्तर प्रदेशात आणि शिकायला जायचं समुद्रापलीकडच्या बेटावर! पण तसंच होतं. तोंडपाठ चालत आलेलं पाली त्रिपिटक प्रथम लिहून काढलं गेलं ते लंकेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. भारतात ती परंपरा तुटली, बेटावर टिकली.

कलकत्ता, मद्रास आणि मग समुद्र ओलांडून कोलंबो. वय पंचवीस. खिशात पैसे जवळजवळ नाहीत, सिंहली येत नाही. भरवसा होता तो काशीत शिकलेल्या संस्कृतवर. कोलंबोत विद्योदय नावाचं विद्यालय होतं, १८७३ साली सुरू झालेलं. हिक्कडुवे सुमंगल हे तिथले प्रमुख महास्थविर. त्यांच्या हाताखाली तो श्रामणेर झाला, म्हणजे भिक्षू होण्याआधीची पायरी. डोकं भादरलं, पिवळी वस्त्रं अंगावर आली, दुपारनंतर जेवण बंद.

आणि इथं बेटावरच्या निवांत सुट्टीची कल्पना डोक्यातून काढून टाका. पालीला स्वतःची लिपी नाही. ब्रह्मदेशात ती ब्रह्मी लोकांच्या लिपीत लिहितात, लंकेत सिंहलीत. म्हणजे पंचविसाव्या वर्षी या माणसाला पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी लागली. काशीतलं संस्कृत कामी आलं, कारण पाली त्याला जवळची आहे. काशीची वर्षं वाया गेली नव्हती, फक्त जिथं वापरायची ती जागा दुसरी होती. बेटाचं अन्न मात्र त्याला सोसलं नाही. तब्येत ढासळली. साधारण वर्षभरातच त्याला लंका सोडून मद्रासला परतावं लागलं.

वर्षभर फक्त. पण आपण कशाच्या शोधात निघालो होतो ते त्याला मिळालं होतं. पुढं तो ब्रह्मदेशात गेला, भिक्षू झाला, ध्यान शिकला, बुद्धगया, कुशिनारा अशी पायपीट केली. आणि १९०६ मध्ये चीवर उतरवून कलकत्त्याला पाली शिकवायला उभा राहिला. त्याच साली घरी परतला. जाताना तान्ही असलेली माणिक सात वर्षांची झाली होती. ३१ जुलै १९०७ ला मुलगा झाला, दामोदर.

आता ‘ते’ म्हणायला हरकत नाही. कलकत्ता विद्यापीठात धर्मानंद पाली शिकवू लागले. ज्याच्याकडं कुठलीच डिग्री नाही तो विद्यापीठात शिकवतोय! पण त्यांना ती विद्या आपल्या माणसांत आणायची होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडली. मुंबई विद्यापीठात पाली सुरू व्हावी म्हणून खटपट केली, भांडारकरांनी साथ दिली. १९१२ पासून सहा वर्षं फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. आज पुणे-मुंबईत कुणी पाली घेऊन बी.ए. करत असेल, तर त्याची सुरुवात इथं आहे.

१९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं बोलावलं होतं, ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी. बुद्धघोषानं हा ग्रंथ पाचव्या शतकात लंकेतच लिहिला. संपादनाच्या श्रेयावरून वाद झाला, धर्मानंद काम टाकून परत आले. नंतर पुन्हा गेले, पुन्हा आले. ते पुस्तक हार्वर्डनं छापलं १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोडा आणि तुरुंग. परळला कामगार वस्तीत बहुजन विहार. मराठीत एकामागून एक पुस्तकं, साध्या भाषेत, ‘भगवान बुद्ध’ त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. ते अजून मिळतं, वाचा.

एक तपशील मात्र नीट सांगायला हवा. १९१८ मध्ये ते अमेरिकेला गेले तेव्हा माणिक आणि दामोदर दोघांनाही सोबत घेऊन गेले. दामोदर पुढं हार्वर्डमध्ये शिकले. आणि माणिक, जिला तान्ही असताना सोडून बाप निघून गेला होता, ती तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. त्या काळात गोव्यातली मुलगी! बाळाबाईंची सात वर्षं यानं भरून निघाली का, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी आत्मकथन लिहिलं नाही.

४ जून १९४७ ला धर्मानंद सेवाग्रामच्या आश्रमात गेले. त्यांच्या आठवणीसाठी काय करावं असा विचार निघाला, तेव्हा गांधीजींनी पुतळा किंवा इमारत सुचवली नाही. पाली शिकण्यासाठी इथले विद्यार्थी लंकेला पाठवावेत, त्याला लागणारी शिष्यवृत्ती द्यावी, असं त्यांनी सुचवलं. कोलंबोतलं ते विद्योदय १९५९ मध्ये विद्यापीठ झालं. आज त्याला श्रीजयवर्धनपुर विद्यापीठ म्हणतात.