चिक चॉकलेट

आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६ – १९६७) हे भारतीय ट्रम्पेटवादक, वाद्यवृंदप्रमुख व संगीत संयोजक होते. त्यांचा जन्म गोव्यातील हळदोणे येथे झाला. त्यांच्या वादनावर लुई आर्मस्ट्राँग यांचा ठसा होता. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा जॅझ वाद्यवृंद वाजत असे.

अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांचे ते सहायक झाले. रामचंद्रांच्या चालींना त्यांनी ट्रम्पेट, बोंगो आदी वाद्यांची पाश्चात्त्य लय दिली. 'अलबेला'मधील (१९५१) गाणी याचे ठळक उदाहरण होत. त्या काळी संयोजकांची नावे श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोहोचत. वाझ मात्र 'अलबेला'त वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. 'नादान' (१९५१) व 'रंगीली' (१९५२) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले, तरी त्यांची खरी कामगिरी संयोजनातच आढळते.