हिस्लॉपसाहेबांचा अडलेला प्रश्न

हिस्लॉप कॉलेज म्हटलं की नागपूर आठवतं, ॲडमिशन आठवते. ज्यांच्या नावाने कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. हा माणूस आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाचं वय शोधत होता. वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग याच दगडावर, म्हणजे थिजलेल्या लाव्हावर, बसलाय.

हिस्लॉप 1817 साली स्कॉटलंडमधल्या डन्स गावी जन्मले आणि 1845 मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. शाळा काढली, मराठी शिकले आणि फिरतीवर दगड गोळा करू लागले. 1851 मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळ दिसला. त्यात गोड्या पाण्यातले शंख होते, बिया आणि फळंही होती, सगळी दगड झालेली. म्हणजे एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं, झाडं उगवली आणि मग वरून दुसरा लाव्हा आला!

हे कधी घडलं? शंखांची तुलना करून हिस्लॉप इओसीन काळाच्या सुरुवातीपर्यंत पोचले. पण जीवाश्म फक्त आधी कोण, नंतर कोण एवढंच सांगतात. वर्षं किती, हा प्रश्न तिथेच अडला. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या नाल्यात ते बुडाले. चार दिवसांनी 46 वर्षांचे झाले असते.

उत्तर त्याच दगडात होतं, पण किरणोत्सर्गाचा शोधच तेव्हा लागायचा होता. पोटॅशियमच्या दहा हजार अणूंमधला साधारण एक अणू पोटॅशियम-40 असतो. तो अस्थिर. सव्वाशे कोटी वर्षांत असे निम्मे अणू संपतात. संपणाऱ्या शंभरातले 89 कॅल्शियम होतात, पण दगडात कॅल्शियम आधीच भरपूर, त्यामुळे त्याचा हिशेब लागत नाही. उरलेल्या अकरांचा आर्गॉन होतो. आर्गॉन वायू आहे. लाव्हा पातळ असेपर्यंत तो निसटून जातो, दगड थिजला की आत अडकतो. म्हणजे घड्याळ शून्यापासून सुरू! आर्गॉन आणि पोटॅशियम मोजा, वय काढा.

ही पद्धत 1948 नंतर रुळली. तिच्या आणि तिच्याच सुधारित रूपाच्या मोजमापांतून दख्खनच्या लाव्हाचं वय आज सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं धरतात. डायनोसॉर संपले तो काळ. आजचा इओसीन 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी सुरू होतो, म्हणजे हिस्लॉप चुकले? तसं म्हणणं अन्याय होईल. त्याच्या आधीचा पॅलिओसीन हा वेगळा काळ मानायला 1874 मध्ये सुरुवात झाली, त्यांच्या मृत्यूनंतर. नुसत्या शंखांवरून इतक्या जवळ जाणं सोपं नव्हतं.

आणि घड्याळ तरी कुठे प्रत्येक दगडात नीट चालतं? समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड मिळतात. शेख फरीदबाबांनी थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड करून टाकला, अशी कथा आहे. भूशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणतं. लाव्हाच्या पोकळ्यांत पाणी मुरून ते तयार होतात. पाणी मुरलं की दगड बदलतो, आर्गॉन निसटतो आणि वय खऱ्यापेक्षा कमी येतं. जुन्या मोजमापांत दख्खनची वयं इतकी विखुरलेली येत त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून लॅबला पाठवायचा तर गिरडचा देखणा गोळा नको, न कुजलेला, आतून काळाकुळकुळीत तुकडा फोडून काढावा लागतो.