सेनापती बापट : विस्थापन आणि पद्य

विस्थापन आणि कविता यांचा संबंध अभ्यासताना हिब्रू कवितेचे उदाहरण प्रथम ध्यानात घ्या. 1948च्या युद्धात लाखो पॅलेस्टिनी अरब गावांना मुकले. त्याच वर्षी नातान आल्तरमान या हिब्रू कवीने स्वपक्षाच्या सैनिकाने केलेल्या निःशस्त्र माणसाच्या हत्येवर वृत्तपत्रात कविता लिहिली. दुसऱ्याच्या उद्ध्वस्ततेविषयी कवीने कोणत्या अधिकाराने बोलावे, हा तिच्यामागचा प्रश्न होय. मराठीत हा प्रश्न पांडुरंग महादेव बापट यांच्या चरित्रात निराळ्या रूपाने भेटतो.

बापटांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. तेथे क्रांतिकारकांशी संबंध आला आणि पॅरिसमध्ये त्यांनी बाँबविद्या आत्मसात केली. पुढे अज्ञातवास आणि अटक यांतून ते गेले.

1921मध्ये मुळशी पेठ्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. वीज मुंबईला मिळणार होती. भातखाचरे मात्र मावळ्यांची बुडणार होती. पुण्यात राहणाऱ्या अनेक जमीनमालकांचा कल नुकसानभरपाईकडे होता. कसणाऱ्याला जमीनच हवी होती. बापट यांपैकी कोणीच नव्हते. तरीही त्यांनी नेतृत्व पत्करले, पद्ये रचली आणि वारंवार तुरुंगवास भोगला. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली. 1924च्या अखेरीस रेल्वे अडविल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. बोलण्याचा अधिकार त्यांनी असा किंमत मोजून मिळविला.

लढा हरला, गावे बुडाली. त्यावेळी ‘धरणग्रस्त’ हा शब्द रूढ नव्हता. तो पुढे, अनेक धरणांनंतर रुळला. 28 नोव्हेंबर 1967 रोजी बापट निवर्तले. पुण्यामुंबईतील रस्त्यांना त्यांचे नाव आहे. मुळशीचे नाव मात्र आज अनेकांना सहलीचे ठिकाण म्हणूनच ठाऊक आहे.

आता शिरूर तालुक्यातील इनामगावकडे पाहा. घोड नदीकाठची तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ.स.पू. 700च्या सुमारास ओस पडली. उत्खननकर्त्यांनी त्याचा संबंध वाढत्या कोरड्या हवामानाशी जोडला. तिथल्या माणसांची घरे, चुली, दफने सापडली. शब्द सापडले नाहीत. मुळशीची घरे पाण्याखाली गेली, शब्द उरले. विस्थापनाच्या अभ्यासात साहित्याचे मोल या फरकात आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : तुमच्या परिसरातील एखाद्या धरणात गेलेल्या गावाच्या ओव्या, गाणी किंवा आठवणी मिळवा. त्यांत बोलणारा स्वतः विस्थापित आहे की साक्षीदार, हे सकारण लिहा.