सरफोजीराजांचा मुदपाकखाना

आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे सावत्र पुत्र व्यंकोजीराजे तंजावरास राज्य करीत, हे मात्र आपण विसरतो. त्याच भोसले घराण्यात १७७७ साली सरफोजीराजे, दुसरे, जन्मले. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. १७९८ साली गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी कारभार काढून घेतला. दुसरा कोणी रुसून बसला असता! राजांनी सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविला. १८२० साली ते काशीयात्रेस निघाले, तिकडूनही पोथ्या आणल्या.

भगिनींनो, मला कौतुक वाटते ते निराळेच. मुदपाकखान्यात काय शिजते, तेही त्यांनी मराठीत लिहवून ठेविले. आपले पदार्थ तर आहेतच, शिवाय साहेबी पदार्थसुद्धा! त्या ग्रंथाचे नाव 'शरभेंद्र पाकशास्त्र'. परक्याची चव टिपून घेताना त्यांना कमीपणा वाटला नाही. १८३२ साली राजे गेले, राज्यही पुढे बुडाले, ग्रंथ राहिला.

माझ्या आईच्या पुरणाच्या मांड्यांचे प्रमाण मात्र कोणीच लिहिले नाही. सून माप विचारते, मी तिला नुसती मूठ दाखविते.