देवळालीचे कापरेकर मास्तर आणि टर्मिनलमधली एक छोटी कमांड

माझ्या बॅशआरसी फाईलमध्ये दहा-बारा छोटी फंक्शन्स आहेत. एक बॅकअप घेतं, एक फाईलींची नावं बदलतं. त्यातल्या एकाचं नाव आहे 'कापरेकर'. रोजच्या कामात त्याचा काही उपयोग नाही, तरी नाशिकच्या टर्मिनलवाल्यांकडे ते असावंच असं मला वाटतं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीतून मुलाला संख्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यातलं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बीएस्सी झाले. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. पुढची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. फावल्या वेळात संख्यांशी खेळायचं आणि सापडेल ते लिहून छापायचं, एवढंच.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ हा आकडा मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचंच जन्मवर्ष घेऊ: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत, आणि ६१७४ वर आलं की आकडा हलत नाही.

आता हेच शेलमध्ये. बाहेरून संख्या घ्यायची आहे, म्हणून एलियस पुरत नाही, फंक्शन लिहा. अंक एकेका ओळीवर टाकून सॉर्टने लावा, वजाबाकी करा आणि ६१७४ येईपर्यंत व्हाइल लूप फिरवा. तीन गोष्टी सांभाळा. एक, सुरुवातीला शून्य दिसलं की बॅश ती संख्या अष्टमान पद्धतीची समजतो. ०१५९ मध्ये ९ असल्याने थेट एरर येते. म्हणून वजाबाकीत संख्येआधी दहा आणि हॅशचं चिन्ह लावा. दोन, उत्तर तीन अंकी आलं, तर प्रिंटएफने पुढे शून्य भरून चार अंकी करा. तीन, ११११ सारखी संख्या आधीच अडवा, नाहीतर उत्तर शून्य येतं आणि कंट्रोल-सी दाबेपर्यंत लूप थांबत नाही.

कापरेकरांचं काम आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना किरकोळ वाटायचं. निवृत्तीनंतर ते नाशिकमध्ये शिकवण्या घेत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाला हे नाव कळलं. सर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

हे नाव जगापर्यंत पोचू शकलं, कारण सरांनी कुणी विचारो न विचारो, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली. आपल्या छोट्या स्क्रिप्टचंही तसंच आहे. ती जगाच्या उपयोगाची आहे का, हा प्रश्न नंतरचा. आधी तिला नीट नाव द्या, वर दोन ओळींची कॉमेंट लिहा आणि फाईलची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मग सोर्स कमांडने फाईल पुन्हा लोड करा आणि स्वतःचं जन्मवर्ष टाकून बघा, किती पायऱ्या लागतात ते.