फादर सांतापाव आणि वाळलेल्या पानांचा संग्रह

दोडामार्गहून तिलारीच्या दिशेने जाताना पावसाळ्यात रस्त्याच्या दुतर्फा जी दाट हिरवाई दिसते, तिच्यातील किंजळ, आईन, सातवीण, भिरंड अशी वीस-पंचवीस झाडे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना सहज ओळखता येतात. परंतु गवत, वेली, नेचे व लहानसहान झुडपे धरली तर वनस्पतींची संख्या शेकड्यांवर जाते. त्या प्रत्येकीला एक शास्त्रीय नाव आहे आणि ते कोणीतरी कधीतरी खात्री करून ठरविलेले आहे. ही खात्री कशाच्या आधारे होते, असे विचारीत गेल्यास आपण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील कपाटांपाशी जाऊन पोहोचतो. तेथील ब्लाटर हर्बेरियम या संग्रहात सुमारे दोन लाख वनस्पती वाळवून, कागदांवर चिकटवून जतन केलेल्या आहेत. या संग्रहाला शिस्त लावणारे आणि त्याला आजचे नाव देणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांच्या जीवनकार्याचा हा परिचय आहे.

फादर सांतापाव यांचा जन्म 5 डिसेंबर 1903 रोजी स्पेनमधील तारागोना प्रांतातील ला गालेरा या गावी झाला. तरुणपणीच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन येथे घेतले आणि तेथील क्यू उद्यानातील जगप्रसिद्ध संग्रहात बसून भारतीय वनस्पतींचा अभ्यास केला. 1940 साली ते सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्वही स्वीकारले.

मुंबईत त्यांच्या वाट्याला जे आले, ते एका दुसऱ्या धर्मगुरूने मागे ठेवलेले धन होते. स्वित्झर्लंडमध्ये 1877 साली जन्मलेले फादर एथेलबर्ट ब्लाटर 1903 साली मुंबईस आले होते. त्यांनी या महाविद्यालयात संग्रहाचा पाया घातला, 1919 ते 1924 या काळात प्राचार्यपद सांभाळले आणि मुंबई इलाख्यातील गवते, नेचे, ताडवर्गीय झाडे यांवर विपुल लेखन केले. 26 मे 1934 रोजी त्यांचे निधन झाले. संग्रह करणारा माणूस गेला की संग्रहाचे काय होते, हे आपण सर्वच जाणतो. पुस्तके असोत वा वनस्पती, कोणी उघडून पाहिले नाही तर वाळवी आणि बुरशी आपले काम चोख करतात. फादर सांतापाव यांनी हा संग्रह केवळ वाचविला नाही, तर तो वाढविला. 1941 साली त्याला फादर ब्लाटर यांचे नाव देण्यात आले. स्वतःच्या नावाचा आग्रह त्यांनी धरला असता तर कोणी अडविले असते असे वाटत नाही.

हर्बेरियम म्हणजे काय, हे येथे थोडे सविस्तर सांगायला हवे. फुलावर किंवा फळावर आलेली फांदी तोडून ती वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून ठेवायची. कागद ओले झाले की बदलायचे, आणि कोकणातील पावसाळ्यात ते पुनःपुन्हा बदलावे लागतात. एक दिवसाची हयगय झाली तरी पाने काळी पडतात व फुले गळतात. पूर्ण वाळल्यावर कीड लागू नये म्हणून नमुन्यावर औषध चढवायचे, जाड कागदावर तो शिवायचा किंवा चिकटवायचा आणि उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी लावायची. त्या चिठ्ठीवर वनस्पतीचे नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव व क्रमांक असतो. नमुना कितीही सुबक असला आणि चिठ्ठी नसली, तर त्याला रद्दीपेक्षा अधिक किंमत नाही. नाव चुकले तर शंभर वर्षांनीही कोणी कागद उघडून ते दुरुस्त करू शकतो. परंतु गाव आणि तारीख एकदा हरवली की ती कोणालाही परत आणता येत नाही.

फादर सांतापाव यांच्या आधी या प्रदेशातील वनस्पतींचा मुख्य आधारग्रंथ थिओडोर कुक यांचा होता. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील हा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. आपल्या भागातील वाचकांना कौतुक वाटेल की वेंगुर्ल्याहून बेळगावला जाणाऱ्या जुन्या वाटेवरील रामघाटाचे नाव त्यात आढळते. कुक यांचे काम मोठेच होते. परंतु त्यानंतरच्या दशकांत नावांचे नियम बदलले, नव्या वनस्पती सापडल्या, आणि कित्येक जुन्या नोंदी पुन्हा पडताळून पाहण्याची गरज निर्माण झाली. हे काम फादर सांतापाव यांनी अंगावर घेतले. एखादी वनस्पती अमुक ठिकाणी होते असे पुस्तकात लिहिले आहे म्हणून ती मान्य करायची नाही. तिचा कागद पाहायचा, शक्य असेल तर त्या ठिकाणी जाऊन ती पुन्हा शोधायची, अशी त्यांची रीत होती.

खंडाळ्याच्या परिसरात ते वर्षानुवर्षे वेगवेगळ्या ऋतूंत हिंडले. त्यातून 1953 साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. पुरंदर किल्ल्याच्या परिसराचा ग्रंथ त्यानंतर आला, आणि 1962 साली सौराष्ट्राच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रकाशित झाला. मुंबई प्रदेशातील आमरींवर, म्हणजे ऑर्किडवर, त्यांनी सहकाऱ्यासमवेत लिहिलेला ग्रंथ 1966 सालचा. खरे सांगायचे तर हे ग्रंथ वाचायला रुक्ष आहेत. नाव, वर्णन, ठिकाण, महिना, क्रमांक, आणि पुन्हा पुढचे नाव. परंतु ज्याला हातातील फांदी ओळखायची आहे, त्याला याहून चांगला सोबती मिळणे कठीण.

कारवीविषयीचा त्यांचा अभ्यास मात्र सर्वसामान्य वाचकालाही रंजक वाटेल असा आहे. जिच्या काठ्यांचे कूड आपल्याकडे पूर्वी घराघरांत असत, ती कारवी दरवर्षी फुलत नाही. कित्येक वर्षे नुसती वाढते, मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे होतात आणि बी धरून सारी झुडपे मरून जातात. फादर सांतापाव यांनी या सामूहिक फुलोऱ्याच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या आणि कारवी व बांबू यांच्या अशा फुलण्याविषयी 1962 साली लेखही लिहिला. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातील कारवी 2008, 2016 आणि 2024 या वर्षी फुलली. आठ वर्षांचा हा हिशेब मांडायचा तर कोणीतरी आठ वर्षे, मग आणखी आठ वर्षे, त्याच डोंगराकडे पाहत राहावे लागते. कारवी ज्या कुळातील आहे, त्या कुळातील मुंबई प्रदेशाच्या वनस्पतींवर 1951 साली त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आला होता.

स्वातंत्र्यानंतर 1954 साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण या शासकीय संस्थेची पुनर्रचना झाली. 1961 ते 1967 या काळात फादर सांतापाव तिचे संचालक होते. एका धर्मगुरूकडे देशातील सर्व वनस्पतींच्या मोजदादीची जबाबदारी सोपविली गेली, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नाही. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी डॉ. सलीम अली यांच्यासारख्यांबरोबर केले. 1967 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. 13 जानेवारी 1970 रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सन्मानार्थ तामिळनाडूतील एका वनस्पतीच्या प्रजातीला सांतापावा असे नाव देण्यात आले होते. ही वनस्पती कारवीच्याच कुळातील, म्हणजे त्यांच्या आवडत्या अभ्यासविषयातील. पुढे इतर अभ्यासकांनी नमुने तपासले आणि ती वेगळी प्रजाती नसून ज्या प्रजातीत आपला कोळसुंदा किंवा तालिमखाना येतो, तिचीच ती असल्याचे ठरविले. आयुष्यभर दुसऱ्यांनी दिलेली नावे तपासणाऱ्या या माणसाला त्यात अपमान वाटला असता, असे मानण्याचे कारण दिसत नाही.

आता पुन्हा आपल्या मुलुखाकडे वळू. फादर सांतापाव यांच्या पश्चात त्यांनी सांभाळलेल्या दोन्ही संस्थांतून आपल्या भागाच्या वनस्पतींची नोंद झाली. वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 1988 साली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1990 साली ब्लाटर हर्बेरियमशी निगडित असलेल्या एस. एम. आल्मेडा यांचा सावंतवाडीच्या वनस्पतींवरील दोन खंडांचा ग्रंथ आला. आजचा दोडामार्ग तालुका त्यावेळी सावंतवाडीचाच भाग होता. त्यानंतरच्या वर्षांत तिलारीच्या खोऱ्यात धरणाचे पाणी साचले, उतारांवर रबर, काजू व अननसाच्या बागा वाढल्या. या बागांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो, तेव्हा त्यांना सरसकट दोष देता येणार नाही. परंतु पूर्वी त्या जागी काय उगवत होते, हे कोणाला पाहायचे असेल तर जुने ग्रंथ आणि त्यांच्यामागचे ते चिकटवलेले कागद यांखेरीज दुसरा पुरावा नाही.

अर्थात कागदांवरही सर्व काही आलेले नव्हते. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील देवराईत रानजायफळाच्या कुळातील मायरिस्टिका वृक्षांची दलदल आहे. चिखलातून वर आलेली गुडघ्यासारखी मुळे असलेले हे वृक्ष महाराष्ट्रात अशा दलदलीच्या रूपात आहेत, ही शास्त्रीय नोंद 2018 साली झाली. पुढे शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. तोवर ते वृक्ष कोणत्याही संचालकाने वा प्राध्यापकाने राखले नव्हते. देवाची राई म्हणून बांबर्ड्याच्या ग्रामस्थांनी तेथे कुऱ्हाड लावली नव्हती.